पारसनीस पाहिजेत

पारसनीस हे आडनाव आपल्या कानावरचे आहे. पारसनीस म्हणजे फारसीनवीस. दरबारात आलेली फारसी पत्रे वाचून दाखवणारा आणि त्यांची उत्तरे लिहिणारा माणूस. जसा चिटणीस, जसा फडणीस, तसा पारसनीस. दिल्ली, विजापूर, हैदराबाद यांच्याशी व्यवहार करायचा तर असा माणूस पदरी लागेच. शिवाजी महाराजांकडे नीळप्रभू मुनशी होता. आज आडनाव उरले आहे, हुद्दा गेला आहे. आणि हुद्दा गेल्यामुळे ग्रंथालयांत, दप्तरखान्यांत, जुन्या संस्थांच्या कपाटांत असलेली फारसी हस्तलिखिते वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. वाचणे दूरच, त्या बासनांत नेमके काय बांधले आहे हे नोंदवहीत धड लिहू शकणारेही फार थोडे आहेत.

हा लेख त्या नोंदीबद्दल आहे. ‘सूची’ म्हटले की आपल्याला कारकुनी काम डोळ्यांसमोर येते: क्रमांक, नाव, पाने, शिक्का, झाले. छापील पुस्तकाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. फारसी हस्तलिखिताच्या बाबतीत ते साफ चूक आहे. तिथे सूची करणे हेच पहिले संशोधन असते, आणि ते न करता नुसती पाने स्कॅन करत सुटणे म्हणजे पोथी एका कपाटातून काढून दुसऱ्या, अधिक मोठ्या कपाटात कोंडणे.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या संग्रहात मी एक बासन सोडून बसले होते. संग्रहाचे नाव सांगत नाही. असे संग्रह अनेक आहेत. नोंदवहीतली ओळ अशी होती : ‘उर्दू/फारसी. धार्मिक. पाने सुमारे २००. स्थिती बरी.’ पहिल्याच पानावर बिस्मिल्ला होता, आणि ‘धार्मिक’ हा शब्द तिथून आला असणार. पण फारसीत घोड्याच्या औषधांचे पुस्तकसुद्धा बिस्मिल्लानेच सुरू होते. आपल्याकडे किराणा दुकानाची रोजकीर्दही ‘श्री’ लिहून उघडतात. म्हणून तिला कोणी पोथी म्हणत नाही.

फारसी हस्तलिखिताला मुखपृष्ठ नसते. ग्रंथाचे नाव, लेखकाचे नाव वर ठळक लिहिलेले सापडेल अशी आशा धरून पान उलटणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आधी येते हम्द, म्हणजे ईश्वराची स्तुती. मग नात, म्हणजे पैगंबरांची. मग बहुतेक वेळा आश्रयदात्याचे गुणगान. हे सगळे यमकांनी, उपमांनी जडवलेल्या लांबलचक वाक्यांत चालते. मग कुठेतरी, पुष्कळदा लाल शाईत, दोन शब्द येतात : ‘अम्मा बाद’. म्हणजे ‘यानंतर’. या दोन शब्दांपाशी सूचीकाराने श्वास रोखून वाचायचे असते, कारण लेखक आता आपले नाव सांगणार असतो, ग्रंथ का लिहिला ते सांगणार असतो, आणि ग्रंथाला काय नाव दिले तेही. आपल्या पोथीत गणेश, सरस्वती, गुरू यांना नमन झाल्यावर कवी आपली ओळख देतो, तसेच हे. पण पहिले पान फाटले की नमनासकट नावही जाते. अशा प्रतीला ‘नाकिस-उल-अव्वल’ म्हणतात, म्हणजे आरंभ नसलेली. तिची ओळख पटवायची तर मधली वाक्ये इतर प्रतींशी ताडून बघावी लागतात. ते काम ज्याने आधी शंभर प्रती वाचल्या आहेत त्यालाच जमते.

माझ्या समोरच्या प्रतीत ‘अम्मा बाद’ होते. ग्रंथ निघाला इन्शाचा, म्हणजे पत्रलेखनाच्या नमुन्यांचा : बादशहाला अर्जी कशी लिहावी, मुलगा झाल्याबद्दल मित्राला काय लिहावे, कर्ज परत मागताना भाषा किती मऊ ठेवावी. पान ९० पर्यंत हे. मग अक्षर बदलले, कागद बदलला, आणि एक दुसराच ग्रंथ सुरू झाला. हा होता फरसनामा, घोड्यांची लक्षणे आणि रोग सांगणारा. संस्कृतातल्या शालिहोत्राच्या परंपरेवरून फारसीत असे ग्रंथ बरेच झाले. पण मी थबकले ते समासात. औषधांच्या फारसी नावांशेजारी कोणीतरी बारीक मोडीत मराठी नावे लिहून ठेवली होती. हळद, ओवा, हिरडा. एके ठिकाणी नाव खोडून दुसरे लिहिले होते. म्हणजे हा ग्रंथ कोणी मराठी माणूस वापरत होता, त्यावरून औषध कुटत होता, आणि एकदा चुकला होता.

‘धार्मिक’ या एका शब्दाने दोन ग्रंथ आणि हा माणूस झाकून टाकले होते.

एका जिल्दीत अनेक ग्रंथ बांधलेले असणे ही फारसी संग्रहांत नित्याची गोष्ट आहे. त्याला मजमुआ म्हणतात. नोंदवही मात्र बहुधा पहिल्या ग्रंथापाशी थांबते. स्कॅनरही काही मदत करत नाही. तो ९० वे पान आणि ९१ वे पान सारख्याच निष्ठेने टिपतो आणि फाइलीला नोंदवहीतलेच नाव देतो. मग जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून ती फाइल उघडता येते, फक्त ती कोणी उघडावी यासाठी काही कारण उरत नाही.

चांगली सूची कशी असते हे बघायचे तर चार्ल्स रियूचे काम बघावे. हा जिनिव्हाचा माणूस. ब्रिटिश म्युझियममधल्या फारसी हस्तलिखितांची त्याची सूची १८७९, १८८१ आणि १८८३ अशी तीन खंडांत निघाली, पुरवणी १८९५ मध्ये. प्रत्येक नोंदीत पाने किती, लांबी-रुंदी किती, एका पानावर ओळी किती, ओळीची लांबी किती, अक्षर वळणदार नस्तालीक की घाईने लिहिलेले शिकस्ता, नक्कल केव्हाची, हे आधी. मग ग्रंथाचे आरंभीचे शब्द मूळ लिपीत. मग लेखकाचे चरित्र, ग्रंथातली प्रकरणे, इतर प्रती कुठे, भाषांतर झाले का. आज तुमच्या हातात नाव हरवलेली एखादी प्रत असेल, तर तिच्या पहिल्या ओळीवरून रियूच्या पानांत तिचे नाव सापडू शकते. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी लोक ती सूची उघडतात. त्या काळातल्या किती इतिहासग्रंथांबद्दल असे म्हणता येईल?

हे साहेबांचेच काम, आपल्याला कुठे जमणार, असे कोणी म्हणेल. मुंबईतच बघा. मुल्ला फिरोझ हे पारशी दस्तूर, म्हणजे धर्मगुरू, लहानपणी वडिलांबरोबर १७६८ साली इराणला गेले, बारा वर्षांनी परतले. त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे ग्रंथालय झाला, आणि त्याची सूची एडवर्ड रेहात्सेक या मुंबईतच आयुष्य घालवलेल्या हंगेरियन विद्वानाने १८७३ मध्ये केली. तो संग्रह आज कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये आहे. एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेतल्या अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांची यादी आसफ फैझी यांनी केली. पुढे मुस्लिम कायद्याचे पंडित म्हणून गाजलेले तेच फैझी. मुंबई विद्यापीठाच्या हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची शेख अब्दुल कादिर सर्फराज यांनी केली, ती १९३५ ची. पाटण्याला खुदाबख्श ग्रंथालय १८९१ मध्ये लोकांसाठी खुले झाले, १९०८ पासून तिथे मौलवी अब्दुल मुक्तदिर यांच्या सूचीचे खंड निघू लागले आणि पुढे ती मालिका तीसहून अधिक खंडांपर्यंत गेली. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी फारसी शिकून ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’चे खंड संपादित केले. या सगळ्यांकडे यंत्रे नव्हती. भाषा होती, आणि त्या कामाला वर्षे द्यायची तयारी होती.

भाषा येत असूनही काम सोपे नसते. औरंगजेबाला जिझियाबद्दल खडसावणारे ते प्रसिद्ध फारसी पत्र घ्या. आपण ते शिवाजी महाराजांचे म्हणून अभिमानाने वाचतो. पण त्याच्या वेगवेगळ्या नकलांवर वेगवेगळी शीर्षके आहेत. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या प्रतीत शिवाजीचे नाव, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या प्रतीत शंभूजीचे. इंग्रज इतिहासकारांपैकी ऑर्मने ते जोधपूरच्या जसवंतसिंगाचे मानले, टॉडने मेवाडच्या राणा राजसिंहाचे. जिझिया पुन्हा लागू झाला एप्रिल १६७९ मध्ये, आणि जसवंतसिंग १६७८ च्या डिसेंबरातच वारला होता. म्हणजे त्याचा दावा तारखेनेच निकालात निघतो. उरलेल्यांचा निवाडा जदुनाथ सरकारांनी प्रती ताडून, आतला मजकूर वाचून केला. आता कल्पना करा, सूचीकाराने शीर्षक उतरवून घेतले आणि पुढे गेला. मग महाराजांचे पत्र एका ठिकाणी मेवाडच्या खणात, दुसऱ्या ठिकाणी मारवाडच्या खणात पडते, आणि रायगडावरून शोधत आलेला अभ्यासक रिकाम्या हाताने परत जातो.

तारखांचे तसेच. फारसी लेखक साल आकड्यांत लिहितातच असे नाही. अक्षरांना ठरलेल्या किमती असतात, आणि एखाद्या वाक्यातल्या अक्षरांची बेरीज केली की साल निघते. हुमायूनच्या मृत्यूवर असे एक वाक्य रचले गेले : ‘हुमायून पादशाह अज बाम उफ्ताद’, म्हणजे हुमायून बादशहा गच्चीवरून पडला. तो पडला तो आपल्या ग्रंथालयाच्याच जिन्यावरून. बेरीज करून बघितली : हुमायून ११२, पादशाह ३१३, अज ८, बाम ४३, उफ्ताद ४८६. एकूण ९६२. पण तो मेला हिजरी ९६३ मध्ये, म्हणजे जानेवारी १५५६ मध्ये. सुंदर वाक्यासाठी कवीने एक वर्ष सोडून दिले. हे माहीत नसेल तर सूचीत चुकीचे साल जाते, आणि एकदा सूचीत गेलेले साल पुढे पाच पुस्तकांत जाते.

नावांची तर वेगळीच कथा. पानिपताच्या रणात शुजाउद्दौलाच्या बाजूने हजर असलेला काशीराज पंडित हा मूळचा दख्खनी ब्राह्मण. त्याने १७८० मध्ये त्या युद्धाची हकीगत लिहिली ती फारसीत. इंग्रजीत तो ‘कासी राजा पंडित’ झाला, कुठे ‘काशीराव’. औरंगाबादचा लछमीनारायण शफीक, ज्याने १७९९ मध्ये मराठ्यांचा इतिहास फारसीत लिहिला, तोही असाच चार स्पेलिंगांत विखुरलेला. देवनागरीत नोंद करताना आपण फारसीची चार वेगवेगळी अक्षरे एकाच ‘ज’मध्ये ओततो. म्हणून माझा हट्ट आहे की नाव देवनागरीत तर लिहावेच, पण शेजारी मूळ लिपीतही असावे. नाहीतर शोध घेणारा एका स्पेलिंगने दार ठोठावतो आणि माणूस दुसऱ्या स्पेलिंगच्या घरात बसलेला असतो.

आणि काही गोष्टी मजकुरात नसतातच, त्या कागदावर असतात. भारत इतिहास संशोधक मंडळात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती करणारे आफताबी नावाच्या कवीचे काव्य, १५६५ च्या आसपासचे, बारा चित्रांसह. काव्यात राणी खुंझा हुमायूनचे भरभरून वर्णन आहे. ही आपल्या चांदबिबीची आई. चित्रांत ती बादशहाशेजारी काढलेली होती. पुढे कोणीतरी तिच्या आकृती रंग फासून पुसल्या. हुसेननंतर काही वर्षे तिने राज्यकारभार चालवला आणि मग तिच्या मुलानेच तिला कैदेत टाकले, हे कळल्यावर त्या फासलेल्या रंगाकडे बघताना अंगावर काटा येतो. नोंदीत ‘चित्रे १२’ एवढेच लिहिले तर ते खोटे नाही. पण सर्वांत मोठी गोष्ट त्यात राहून गेली. चांगला सूचीकार लिहील की अमुक पानावर स्त्रीची आकृती रंगाने झाकली आहे, तिच्या कडा दिसतात. ती कोणी पुसली असेल यावर तो आपला तर्क निकाल म्हणून ठोकणार नाही. डोळ्यांना जे दिसले ते तंतोतंत लिहायचे आणि तिथे थांबायचे, ही या कामाची शिस्त आहे.

आता स्कॅनिंगकडे येते, कारण सगळा पैसा आणि सगळा उत्साह तिकडे चालला आहे. राष्ट्रीय हस्तलिखित मिशन २००३ मध्ये सुरू झाले. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् मिशन जाहीर झाले, त्यात १ कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंद आणि जतन करण्याचा संकल्प आहे. मला याचा मनापासून आनंद आहे. कागद कसर खाते, शाई कागद जाळते, पावसाळ्यात छत गळते. फोटो आजच काढायला हवेत हे म्हणणे रास्त आहे. माझी भीती वेगळी आहे. १ कोटी हा आकडा गाठायचा म्हटला की जे मोजता येते तेच काम ठरते. आज किती पाने झाली, हे संध्याकाळी सांगता येते. आज एका नाकिस प्रतीचे नाव सापडले, हे कुठल्या रकान्यात भरायचे?

‘पुढे यंत्रच वाचेल’ हेही आता पुष्कळ ऐकू येते. यंत्र वाचेल, जरूर वाचेल, मी त्याच्या विरोधात नाही. पण शिकस्त्यात लिहिणारा मुनशी नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळतो, सुटी अक्षरे जोडतो, अर्धा शब्द शेपटीत उडवतो. ते यंत्राला शिकवायचे तर आधी कोणा माणसाने ती पाने नीट वाचून, शब्दन् शब्द उतरवून यंत्रापुढे ठेवावी लागतात. वाचणारी शेवटची पिढी निवृत्त झाल्यावर यंत्राला शिकवणार कोण? यंत्र येणार म्हणून माणसे घडवणे थांबवणे म्हणजे विहीर खोदायच्या आशेवर घरातले पाणी ओतून देणे.

वर्णनाला फार वेळ लागतो, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. रियूसारखी नोंद प्रत्येक प्रतीला मिळायची तर दोन पिढ्या जातील. म्हणून आधी हातयादी करावी. जिल्दीत ग्रंथ किती, प्रत्येकाची पहिली आणि शेवटची ओळ मूळ लिपीत, नकलेची तारीख असेल तर ती, शिक्के असतील तर कोणत्या पानावर, समासात दुसऱ्या लिपीत काही आहे का. एवढेच. फारसी जाणणाऱ्या माणसाला एका प्रतीला अर्धा दिवस, फार तर एक दिवस. ग्रंथ ओळखता आला नाही तर ‘ओळखता आला नाही’ असे लिहावे. पहिल्या ओळीसकट लिहिलेले हे तीन शब्द ‘धार्मिक’पेक्षा हजारपट उपयोगी आहेत, कारण इस्तंबूल किंवा लाहोरमध्ये बसलेला कोणी ती ओळ वाचून नाव सांगू शकतो. पाकिस्तानात अहमद मुन्झवी यांनी तिथल्या फारसी हस्तलिखितांची एकत्रित सूची १४ खंडांत केली. इराणने आपल्या संग्रहांची केली. संस्कृतसाठी जर्मन विद्वान ऑफ्रेख्टने १८९१ पासून आणि पुढे मद्रास विद्यापीठाने असेच काम हाती घेतले. भारतातल्या फारसीला मात्र असे सगळ्यांना एकत्र बांधणारे छत्र मिळालेले नाही.

का मिळाले नाही? फारसी इथे कोणाची मातृभाषा नाही, म्हणून तिच्यासाठी मोर्चा निघत नाही. शिवाय ती ‘त्यांची’ आहे असा एक समज आपण बाळगून आहोत. हा समज दप्तर, कागद, शाई, सनद, जमीन, फिर्याद हे शब्द रोज वापरणाऱ्या माणसांचा आहे. सूची या शब्दालासुद्धा पेशवाईतल्या कागदांत फेरिस्त म्हणत. तो फारसीतला फिहरिस्त. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अभिजात भाषांच्या यादीत फारसीचे नाव आहे. पण धोरणातल्या नावाने पगार होत नाही. फारसीचा प्राध्यापक निवृत्त झाला की जागा रिकामी राहते, मग ‘विद्यार्थी नाहीत’ म्हणून विभाग आकसतो, आणि विद्यार्थी नसतात कारण शिकून करायचे काय, याचे उत्तर कोणी देत नाही.

उत्तर या कपाटांतच आहे. स्कॅनिंगच्या प्रत्येक कंत्राटात सूचीकाराचा पगार धरलेला असावा. कंत्राटी सहा महिन्यांचा नव्हे, कायमचा. सरकारी दप्तरखान्यांत आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या मोठ्या संस्थांत फारसी वाचकाची निदान एकेक जागा असावी. आणि या जागांसाठी पहिली नजर मोडी शिकलेल्या मुलामुलींकडे जावी. आज मोडीचे वर्ग गावोगाव चालतात, तरुण मुले हौसेने येतात. त्यांना जुन्या मराठी कागदांतला शुहूर सन लावता येतो. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७१, त्यात ५९९ मिळवले की १७७०, हे त्यांना पाठ असते. हे आकडे अरबीच आहेत. म्हणजे अर्धा उंबरठा त्यांनी न कळत ओलांडलेला आहे. दोन वर्षे नीट फारसी शिकवली, जुन्या मौलवींच्या आणि प्राध्यापकांच्या शेजारी बसवले, तर फारसी मजकूर आणि समासातली मोडी दोन्ही वाचणारी माणसे तयार होतील. अशी माणसे लंडनला नाहीत, तेहरानला नाहीत. ती इथेच तयार होऊ शकतात.

त्या दिवशी संग्रह बंद व्हायची वेळ झाली तेव्हा तिथल्या काकांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली आणि शिसपेन्सिल दिली. शाईने लिहू नका, म्हणाले. मी जुन्या ओळीखाली लिहिले : ‘भाषा फारसी. ग्रंथ दोन. १) पत्रलेखनाचे नमुने, पान १ ते ९०. २) घोड्यांच्या रोगांवरचा ग्रंथ, पान ९१ पासून, शेवट नाही. लेखक ओळखता आला नाही, दोन्हींच्या पहिल्या ओळी सोबत. दुसऱ्या ग्रंथाच्या समासात मोडीत औषधांची मराठी नावे.’ काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. मग खुर्चीवर चढून वरच्या फळीवरची धूळ हाताने पुसली आणि विचारले, ‘ताई, इथे अजून अशी अकरा बासने आहेत. सगळ्यांपुढे धार्मिकच लिहिलंय. त्यांचं काय लिहायचं?’